आजाऱ्याचा फोटो

फोटो उतरवायचं भटूनं आदल्या दिवशीच ठरवलं होतं, पण आबा अंघोळीला जाईपर्यंत तो थांबला. न्हाणीतून पाण्याचा आवाज आला तसा तो स्टुलावर चढला, खिळ्यावरून फोटो काढला आणि खाली उभ्या असलेल्या बायकोच्या हातात दिला. पाहुणे गेले की परत लावू, तोवर कोठीत ठेव, म्हणाला. मग नागपूरहून आणलेला सोनेरी चौकटीतला ध्यानस्थ बुद्ध त्यानं त्याच खिळ्याला अडकवला. ती चौकट लहान होती. मागच्या भिंतीचा रंग न उडालेला चौकोन चारी बाजूंनी दिसत राहिला.

लिलाबाई फोटो घेऊन कोठीत गेली आणि सवयीनं पदरानं काच पुसू लागली. छापील चित्रच ते, पण घरात सगळे त्याला 'आजाऱ्याचा फोटो' म्हणत. आबा, म्हणजे तिचे सासरे आधार, साक्रीकडचं गाव सोडून वरणगावच्या फॅक्टरीत लागले, त्याच्या काही वर्षं आधी, धर्मांतराच्या पुढच्याच सालात, त्यांनी तो भुसावळला एका सभेबाहेर विकत घेतला होता. बुद्ध एका आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुताहेत. भिक्खूच्या अंगभर फोड. शेजारी शिष्य आनंद पाण्याचा घडा कलता करून उभा, आणि दाराशी दोन भिक्खू, नाकाला चीवराचं टोक लावून. बुद्धाच्या चीवराचा रंग इतक्या वर्षांत उतरून पातळ चहासारखा झाला होता. फोडांचा तांबडा मात्र होता तसाच होता.

लग्न होऊन आली तेव्हा लिलाबाईला तो फोटो बघवत नसे. जेवताना ती त्याच्याकडे पाठ करून बसायची. आबा दर पौर्णिमेला त्याच्यासमोर मेणबत्ती लावून गोष्ट सांगत. त्या भिक्खूला बाकीच्यांनी टाकलं होतं, कारण त्यानं कधी कोणाचं काही केलं नव्हतं. तथागत म्हणाले, इथं तुम्हाला आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? ऐकून ऐकून तिला ती पाठ झाली होती. पुढं मुलगी विशाखा लहानपणी गोवरानं तापली, तिच्या उशाशी बसून लिलाबाईनं पहिल्यांदा तो फोटो नीट पाहिला. पाणी कोमट केलं असेल की गारच, एवढाच विचार तेव्हा तिच्या मनात आला होता.

आता त्याच विशाखाचा साखरपुडा होता. मुलगा धम्मपाल जळगावला वीज मंडळात होता. वडील नव्हते. आई कमलबाईनं अंगणवाडी चालवून त्याला शिकवलं होतं, आणि घरातला शब्द मामाचा, वनामामाचा चालायचा. स्थळ चांगलं होतं, शोधूनही मिळालं नसतं असं. अशा दिवशी माणसं दारातून आत येताच त्यांना फोड आणि पू दिसायला नको, एवढंच भटूचं म्हणणं होतं, आणि लिलाबाईला ते पटलंही होतं.

आबा अंघोळ करून आले, टॉवेल खांद्यावर टाकून भिंतीसमोर उभे राहिले. "फोटो कोठे शे?" त्यांनी विचारलं. घरात ते अजून गावाकडचंच बोलत. भटू म्हणाला, काच ढिली झाली होती, खाली काढून ठेवलाय. आबांनी नव्या बुद्धाला हात जोडले आणि खाटेवर जाऊन बसले.

चुलीवर वरण उकळत होतं, बट्ट्या उकडून झाल्या होत्या, तळायच्या बाकी होत्या. शेजारच्या अकबरीभाभीनं दोन सतरंज्या आणि मोठी परात आणून दिली होती. तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. भटूचा धाकटा भाऊ सुकदेव धुळ्याहून येणार होताच. तो तिथं कॉलेजात शिकवायचा. रिक्षातून तो उतरला आणि त्याच्यामागून, दांडीला धरून, सावकाश मंदाबाई उतरली.

लिलाबाईच्या हातातला झारा हातातच राहिला. मंदा ही तिची नणंद, भटूच्या पाठची. दोघी जवळजवळ एका वयाच्या. लिलाबाई या घरात आली तेव्हा पहिली मैत्रीण तीच. मग मंदाचं लग्न झालं, ती साक्रीकडं सासरी गेली, आणि पाठीवर चट्टे उठले म्हणून सासरच्यांनी तिला परत आणून सोडली. महारोग आहे हे गल्लीला कळायला वेळ लागला नाही. आबांनीच तिला धुळ्याबाहेरच्या वसाहतीत नेऊन ठेवलं. पुढं नव्या गोळ्या आल्या आणि रोग पूर्ण गेला. डॉक्टरांनी तसं भटूला बोलावून सांगितलंसुद्धा. पण आता घरी ये, असं तिला कोणी म्हटलं नाही, आणि तिनंही कधी विचारलं नाही. तिथंच ती मागावर चादरी विणायला शिकली आणि राहिली. भटू दर चौदा एप्रिलला तिला एक लुगडं पाठवायचा. सुकदेव रविवारी भेटून यायचा. घरात तिचं नाव निघायचं, पण आवाज खाली करून.

ती आत आली. अंगावर निळं, इस्त्रीचं पातळ. डाव्या हाताची दोन बोटं आत वळलेली, पायात जाड मऊ रबराच्या चपला. आबांच्या पाया पडायला ती वाकली. आबांनी हात उचलला, तो तिच्या डोक्यावर टेकला की नाही ते लिलाबाईला नीट दिसलं नाही. मग ते भिंतीकडे बघत बसले.

भटूनं सुकदेवला आतल्या खोलीत बोलावलं. लिलाबाई चहा टाकायच्या निमित्तानं मध्येच उभी राहिली, तिला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. भटू ओरडला नाही. न विचारता का आणलंस, एवढंच त्यानं विचारलं. सुकदेव म्हणाला, विशाखानंच सांगितलं होतं, आत्या आली नाही तर मी पाटावर बसणार नाही म्हणून. भटू म्हणाला, पोरीचं असं बोलायचं वयच आहे, तुला तरी कळायला हवं होतं. आता एकच करू. पाहुणे जाईपर्यंत मंदा अकबरीभाभीकडं बसेल. जेवण तिकडं पाठवू. पाहुणे गेले की चार दिवस राहू दे, त्याची काही हरकत नव्हती.

"मी तिला लपवायला आणली नाही," सुकदेव म्हणाला. उलट आज सगळ्यांसमोर तिला पुढं बसवायची, असं त्याच्या मनात होतं. त्यांनाही कळू दे आपण कोणाचा धर्म घेतला ते. बोलता बोलता तो कोठीत गेला, फोटो घेऊन आला आणि भटूसमोर धरला. "दर पौर्णिमेला मेणबत्ती कशाला लावतो आपण याच्यासमोर?"

भटूनं फोटोकडं पाहिलं. "बुद्धाला पोरगी उजवायची नव्हती, सुका." मग त्यानं दाराशी उभ्या असलेल्या दोघा भिक्खूंवर बोट ठेवलं. "हे दोघं तुला वाईट वाटतात. मला नाही वाटत. भ्यालेली माणसं आहेत ती. त्यांनाही उद्या त्याच विहारात राहायचं असतं."

लिलाबाईला वाटलं, या माणसाबरोबर संसार करून एवढी वर्षं झाली, पण फोटोतली कोणती माणसं याची आहेत हे आज कळलं.

तिनं चहा गाळला. फळीवर एक टवका गेलेला एकटा कप होता, हात आपोआप त्याच्याकडे गेला. तो तिनं जागच्या जागी ठेवला आणि पाहुण्यांसाठी काढलेल्या सेटमधला कप घेतला. बाहेर येऊन मंदाला चहा दिला. मंदानं दोन्ही तळव्यांत कप धरला, फुंकर घालून प्याली, साखर बेताची आहे म्हणाली. आतलं सगळं तिनंही ऐकलं होतं. कप खाली ठेवून ती उठली आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बघू तो फोटो," ती म्हणाली.

सुकदेवनं तो तिच्या हातात दिला. ती खिडकीकडे तोंड करून बघू लागली. बघताना मान जरा मागं घेतली, जवळचं दिसेनासं झालं की माणसं घेतात तशी.

"आमच्या वसाहतीच्या हॉलमध्येपण असाच एक आहे," ती म्हणाली. "केळी वाटायला, ब्लँकेटं वाटायला लोक येतात, ते भाषणात हीच गोष्ट सांगतात. सगळे धुणाऱ्याकडे बघतात. काही जण पाणी ओतणाऱ्याकडे. धुऊन घेणाऱ्याच्या तोंडाकडे कोणी बघत नाही." तिनं वाकड्या बोटानं काचेवर दाखवलं. "यानं डोळे मिटलेत, बघा. दुखतंय म्हणून नाही. अंग उघडं आहे आणि दारात माणसं उभी आहेत म्हणून. ज्यानं काढलं त्याला ते ठाऊक होतं."

लिलाबाई पुढं सरकून बघू लागली. डोळे मिटलेले होते खरे. इतके दिवस तिला तो झोपलाय असंच वाटत आलं होतं.

"सुका, तू मला याच्यात घालू नको," मंदा म्हणाली. "माझं अंग धुऊन झालंय. आणि भाऊ, तू मला शेजारी बसवू नको. मी आत्या म्हणून आले. पोरीला पाटावर आणायची, साडी तिच्या अंगावर घालायची, हे माझं काम. ते द्यायचं असेल तर द्या, नसेल तर तोंडावर सांगा. मी दुपारच्या गाडीनं जाईन, रुसणार नाही."

दोघा भावांनी लिलाबाईकडं पाहिलं, जणू पोरगी तिची एकटीचीच होती. लिलाबाई म्हणाली, "मंदाताईच आणतील विशाखाला. पण आधी मुलाच्या आईला मी सांगते. मागाहून कळायला नको."

भटू म्हणाला, स्थळ गेलं तर? ती म्हणाली, लपवून राहिलं तरी जायला किती वेळ लागतो?

पाहुणे अकराच्या सुमाराला जीपनं आले. पाणी झालं, चहा झाला. लिलाबाईनं कमलबाईला घर दाखवायच्या निमित्तानं मागच्या ओट्यावर नेलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रोग कधी झाला, कधी गेला, हाताची बोटं का वाकडी राहिली, इतकी वर्षं ती कुठं होती. एकदा सुरू केल्यावर थांबणं अवघड होतं.

कमलबाई शहाणी बाई होती. तिनं तोंड वाकडं केलं नाही. अंगणवाडीत सरकारी माणसं येऊन चट्टे कसे ओळखायचे ते दाखवून गेली होती, त्यामुळं तिला अर्धं माहीत होतं. विशाखा आत्याच्या सहवासात होती का, तिनं विचारलं. लिलाबाई म्हणाली, तिचा जन्मच नव्हता तेव्हा. मग कमलबाई म्हणाली, मी भावाला विचारते, माझ्या एकटीच्या हातात नाही.

मग पाहुणे सगळे जीपपाशी जाऊन उभे राहिले. वनामामा बोलत होता, कमलबाई ऐकत होती, धम्मपाल गाडीच्या बॉनेटला टेकून नखं बघत होता. घरात बट्ट्या तळून टोपल्यात पडल्या होत्या आणि कोणाचंच लक्ष नव्हतं. विशाखा आतल्या खोलीत आत्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती. मंदा तिच्यासाठी विणून आणलेली चादर उलगडून काठाचं काम दाखवत होती आणि ती लक्ष देऊन बघत होती, नाहीतर तसं दाखवत होती. मुलीचं आयुष्य आपण एका वाक्यानं उधळून लावलं की काय, असं लिलाबाईला वाटून गेलं.

ते परत आत आले. वनामामा आबांच्या समोर बसला. बोलणं त्याचं मऊ होतं. पोरीत काही उणं नाही, आम्ही माणुसकी जाणणारी माणसं आहोत, साखरपुडा आज करून टाकू, म्हणाला. फक्त एक. लग्न जळगावला आमच्या दारी ठरलंय. तिथं आमची सगळी भावकी येणार. लोकांची तोंडं आपण धरू शकत नाही. तेव्हा आत्याबाईंनी जळगावला यायची तसदी घेऊ नये. आशीर्वाद इथूनच द्यावा.

खोलीत सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आज झालं एवढंच पुष्कळ असं सुकदेवच्याही चेहऱ्यावर होतं. आतल्या दारातून मंदाच म्हणाली, ठीक आहे, माझं काही म्हणणं नाही. भटूनं मान डोलवायला सुरुवातही केली होती.

लिलाबाई ताटात बट्ट्या फोडत होती. तिथूनच तिनं बोलायला तोंड उघडलं. पाहुण्यांसमोर ती कधी मोठ्यानं बोलत नसे, त्यामुळं पहिले दोन शब्द कोणाला ऐकूच आले नाहीत. तिनं पुन्हा म्हटलं.

"मग लग्न जळगावला नको. इथं करू."

वनामामानं तिच्याकडं पाहिलं.

"तुमच्या दारात कोणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवता, ते बरोबरच आहे," ती म्हणाली. "मग आमच्या दारात आम्ही ठरवू. मंडप इथं पडेल. मुलीची आत्या मंडपात असेल. ज्यांना यायचं ते येतील, ज्यांना नाही त्यांचा राग नाही."

वनामामा हसल्यासारखं करून भटूकडं वळला. असे निर्णय बायकांनी स्वयंपाकघरातून घ्यायचे असतात का, हे त्यानं विचारलं नाही, पण बघण्यात ते होतं. लिलाबाईला वाटलं आता नवरा आपल्याला गप्प करणार. भटूनं घसा साफ केला.

"फॅक्टरीच्या मैदानावर मंडप टाकायची परवानगी मी काढतो," तो म्हणाला. "जागा मोठी आहे. तुमची माणसं कितीही येऊ देत."

तेवढ्यात खाटेवरून आबा उठले. पाहुणे आल्यापासून ते त्यांच्याशी रामराम घालावा तसं 'जयभीम' एवढंच बोलले होते. ते चालत दारापर्यंत गेले आणि मंदाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. "हाई मनी आंडेर शे," ते वनामामाला म्हणाले. ही माझी लेक आहे. बस, तेवढंच. हात त्यांनी काढला नाही.

वनामामा बहिणीकडं बघू लागला. कमलबाई मुलाकडं. धम्मपाल तोवर एक अक्षर बोलला नव्हता. तो म्हणाला, मामा, वरणगाव काही लांब नाही. लोकांना जीप करू. कमलबाईनं मान हलवली आणि ओटीची पिशवी पुढं ओढली. वनामामानं, ठीक, तुमचं तुम्ही बघा, म्हणून पानाचा डबा उघडला. तो रागावलेला होता आणि तो राग लग्न होऊन वर्ष झालं तरी पुरता गेला नाही. पण त्या दिवशी तो उठून गेला नाही.

मंदानं विशाखाला बाहेर आणलं. उजव्या हातानं तिचं मनगट धरलं होतं, डावा हात पदराखाली घ्यायचा प्रयत्न तिनं केला नाही. त्रिशरण झालं, पंचशील झालं. साडीची घडी उलगडताना वाकड्या बोटांत काठ अडकला, तेव्हा कमलबाईनं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून ती विशाखाच्या खांद्यावर घातली. पाहुण्यांपैकी एक म्हातारी आणि तिची सून न जेवताच जीपमध्ये जाऊन बसल्या. बाकी सगळे जेवले. वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली.

चार वाजता मंदा जायला निघाली. सुकदेव लग्नाची तारीख ठरवायला थांबणार होता. आबांनी तिला राहा म्हटलं, भटूनंही म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. ती म्हणाली, हळदीच्या आधी येईन आणि चांगली आठ दिवस राहीन, पण आज नाही, मागावर काम चढवून आलेय, नव्या दोघी शिकायला आल्यात, त्या घोळ घालतील. मी तिथं पाहुणी नाहीये, भाऊ, घर आहे माझं ते. भटूला ते जरा लागलं.

लिलाबाई तिला स्टँडपर्यंत पोचवायला गेली. हात खरकटे, पातळ तेच स्वयंपाकाचं. धुळ्याची गाडी लागलेलीच होती. मंदा चढली आणि दोघांच्या सीटवर खिडकीशी बसली. शेजारी आधीच एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. मंदानं पिशवी वर ठेवायला डावा हात उचलला. त्या बाईनं हाताकडं पाहिलं, लेकरू छातीशी घेतलं आणि काही न बोलता उठून मागच्या सीटवर, तिघांत चौथी होऊन बसली.

लिलाबाईला खालून ते सगळं दिसलं. त्या बाईला काहीतरी बोलावं म्हणून ती खिडकीपाशी गेली.

मंदा हसली. "असू द्या वहिनी. बरं झालं, पाय पसरायला जागा झाली."

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. लिलाबाई खिडकीपाशी क्षणभर उभी राहिली, मग वळून दाराकडं गेली आणि चढली. मागच्या बाईकडं न बघता ती पुढं आली आणि मंदाच्या शेजारी बसली. घरात भांड्यांचा ढीग पडला होता, पाहुण्यांच्या सतरंज्या गोळा व्हायच्या होत्या, आणि आपण कुठं चाललोय हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

"कुठं निघालात?" मंदानं विचारलं.

"भुसावळपर्यंत येते."

कंडक्टर आला तेव्हा लिलाबाईला आठवलं की कमरेला पिशवी नाही, हातात दमडी नाही. मंदानं तिची धांदल पाहिली. मांडीवर रुमाल उघडून वाकड्या बोटांनी तिनं नोट सरकवली, चांगल्या हातानं उचलून कंडक्टरला दिली.

"एक धुळे, एक भुसावळ," ती म्हणाली. उरलेली मोड तिनं लिलाबाईच्या मुठीत कोंबली. "आणि हे परतीला. भुसावळहून घरी चालत जाणार का?"

गाडी स्टँडबाहेर पडली. लिलाबाईनं पाय पसरले.